अपघाताचा ठिपका नकाशावर नेमका कुठे ठेवायचा?

पोलिसांच्या एफआयआरच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो: घटनास्थळ ठाण्यापासून कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर. तिथे बहुतेक वेळा हाताने लिहिलेलं असतं, 'पूर्वेस, अंदाजे दीड किमी'. त्याखाली पत्ता: 'अमुक चौकाजवळ, पेट्रोल पंपासमोर, सार्वजनिक रोडवर'. गुन्हा दाखल व्हायला एवढं पुरतं. पण त्याच चौकात गेल्या तीन वर्षांत आणखी किती जण पडले आणि ते कुठल्या कोपऱ्यावर पडले, हे त्या ओळीवरून शोधायला बसलात की डोकं धरायची वेळ येते.

त्यात आपल्या चौकांची नावं. पुण्याचंच घ्या. स्वारगेटचा चौक कागदोपत्री केशवराव जेधे चौक. अलका टॉकीज चौक म्हणजे टिळक चौक. विद्यापीठ चौकाचं नाव आचार्य आनंदऋषीजी चौक. एका फिर्यादीत एक नाव येतं, दुसरीत दुसरं, आणि तिसरीत नुसतंच 'ई-स्क्वेअरकडून येताना सिग्नलच्या अलीकडे'. संगणकातल्या तक्त्याला ही तीन वेगळी ठिकाणं वाटतात. तीन ठिकाणी एकेक अपघात, म्हणजे कुठेच फार काही घडलेलं नाही. हेच तीन अपघात नकाशावर ठेवले तर तीन ठिपके एकमेकांना खेटून पडतात, आणि पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो बरोबर असतो: इथेच का?

हा प्रश्न विचारता यावा म्हणून सगळा खटाटोप आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ माणसं गेली. दर तासाला सरासरी १९ मृत्यू. एकेक अपघात सुटा पाहिला की आपण म्हणतो, पोरगा जोरात होता, ट्रकवाल्याची चूक होती, नशीब फुटकं होतं. तसं असेलही. पण वेगवेगळे लोक, वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळे महिने आणि जागा मात्र तीच, असं झालं की त्या जागेची चौकशी करावीच लागते.

पाचव्या आकड्याचं महत्त्व

जुन्या काळी वाहतूक शाखेच्या भिंतीवर शहराचा नकाशा लावून त्यावर टाचण्या टोचत. डिजिटल नकाशातही टाचणीच आहे, फक्त प्रत्येक टाचणीला मागे एक चिठ्ठी बांधलेली असते: तारीख, वेळ, कोणतं वाहन कशावर आदळलं, जखमी किती, पाऊस होता का, रस्त्यावर दिवा होता का. भिंतीवरच्या टाचण्यांना 'फक्त संध्याकाळी सातनंतरच्या, फक्त पायी चालणाऱ्यांच्या दाखवा' असं सांगता येत नाही. संगणकाला सांगता येतं. आणि नकाशा एकटा नसतो. घडीच्या पोळीला जसे पदर असतात, तसे एकावर एक थर असतात: रस्ते, सिग्नल, बसथांबे, शाळा, दिव्यांचे खांब, जमिनीचा चढउतार. हवा तो थर उचलायचा, नको तो बाजूला ठेवायचा. या सगळ्याला जीआयएस म्हणतात, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, पण विचार एवढाच.

टाचणी टोचायची ती अक्षांश आणि रेखांशावर. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहिले तर आपण ११० मीटरपर्यंतच नेमके असतो. एवढ्यात ठिपका पेठेतल्या एका चौकातून पुढच्या चौकात जातो. चार आकडे लिहिले तर ११ मीटर, म्हणजे चौक बरोबर पण कोपरा कोणता ते सांगता येत नाही. पाच आकडे लिहिले तर एक मीटरच्या आसपास. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरपर्यंत ठीक सांगतो. उंच इमारतींच्या मध्ये, पुलाखाली किंवा दाट झाडीत तो भरकटतो, कारण उपग्रहाचे संकेत भिंतींवर आदळून येतात.

तरीही एफआयआरमधल्या 'अंदाजे दीड किमी'पेक्षा हे कितीतरी चांगलं. म्हणूनच आयआरएडी (इंटिग्रेटेड रोड अॅक्सिडेंट डेटाबेस) ही रस्ते अपघातांची देशव्यापी नोंद पद्धत आली. आयआयटी मद्रास आणि एनआयसी (केंद्र सरकारचं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) यांनी ती तयार केली, जागतिक बँकेचं साहाय्य होतं, आणि सुरुवातीला ज्या सहा राज्यांत ती राबवायचं ठरलं त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन मोबाइलमधलं अॅप उघडायचं, तिथल्या तिथे ठिकाण आणि फोटो नोंदवायचे. पुढे त्याच नोंदीत आरटीओने वाहनाची, बांधकाम खात्याने रस्त्याची आणि दवाखान्याने जखमीची माहिती भरायची. एकाच अपघाताचे चार कागद चार कपाटांत पडून राहत, ते एका ठिकाणी यावेत हा हेतू.

यात 'जागेवर जाऊन' हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. मी काही वर्षांपूर्वी एका शहराच्या अपघातांची जुनी नोंद नकाशावर टाकत होतो. सगळ्यात दाट पुंजका निघाला पोलीस ठाण्याच्या फाटकातच. दुसरा, मोठ्या दवाखान्याच्या आवारात. क्षणभर मलाही कळेना. मग लक्षात आलं की माणसं तिथे पडलेली नव्हती, त्यांची नोंद तिथे बसून झाली होती. धावपळीत जखमीला आधी दवाखान्यात पोचवलं, अर्ज रात्री ठाण्यात भरला, आणि मोबाइलने इमानाने ठाण्याचा पत्ता लिहून घेतला. त्या हवालदाराला दोष द्यायचं माझ्या मनातही येत नाही. जखमीला आधी उचललं हे योग्यच केलं. पण तो ठिपका हाताने परत चौकात नेल्याशिवाय पुढचं कुठलंही गणित मांडू नये.

चौक कुठे सुरू होतो, कुठे संपतो

ठिपके जागेवर बसले की मोजणी. इथे एक साधा दिसणारा प्रश्न आडवा येतो: चौक म्हणजे किती? चार झेब्रा पट्ट्यांच्या आतला चौकोन? सिग्नलला थांबलेल्या रांगेच्या शेवटी मागून गाडी धडकली, चौकापासून ८० मीटरवर, तर तो अपघात चौकाचा की रस्त्याचा? माझ्या मते चौकाचाच, कारण सिग्नल नसता तर तिथे रांगच नसती. पण त्याच ८० मीटरवर कुणी खड्डा चुकवताना घसरला असेल तर तो चौकाच्या माथी मारून चालणार नाही.

अभ्यास करणारे साधारणपणे चौकाच्या मध्यावर ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ काढतात आणि आतले ठिपके मोजतात. जुन्या पेठांत चौक इतके जवळ असतात की दोन वर्तुळं एकमेकांत शिरतात आणि एकच अपघात दोनदा मोजला जातो. बायपासवर उलट होतं. तिथे वेग जास्त, ब्रेक लांबून लागतो, चौकाचा परिणाम दूरवर पोचतो आणि तेवढंच वर्तुळ अपुरं पडतं. म्हणून सगळ्या शहराला एकच माप लावलेलं मला पटत नाही. प्रत्येक रस्त्याच्या वेगाप्रमाणे आणि रांगेच्या लांबीप्रमाणे चौकाची हद्द आखावी. काम वाढतं, पण पुढची फसगत वाचते.

आपल्याकडे सरकारी व्याख्या आहे ती 'ब्लॅक स्पॉट'ची. राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे गेल्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात घडले, किंवा तीन वर्षांत मिळून दहा माणसं गेली. महामार्गासाठी हे माप समजण्यासारखं आहे. तेच शहरात आणलं तर काय होतं, ते पाहायला पुण्याच्या लकडी पुलावर उभे राहा. एका टोकाला अलका चौक, दुसऱ्या टोकाला खंडुजीबाबा चौक. ५०० मीटरची पट्टी दोन्ही चौक आणि मधला पूल सगळंच गिळते. मग 'हा पट्टा धोकादायक' एवढंच हाती लागेल, आणि महापालिकेचा अभियंता कुठल्या चौकाचा कठडा हलवायचा ते विचारेल तेव्हा उत्तर नसेल.

टीपकागदावरची शाई

बातम्यांत लाल-पिवळे डाग असलेले नकाशे दिसतात ना, त्यांना हीटमॅप म्हणतात. ते कसे बनतात ते कळलं की त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं. टीपकागदावर शाईचा थेंब टाका. थेंब पडतो तिथे गडद, कडेला जाईल तसा फिका. शेजारी दुसरा थेंब टाकला की दोघांच्या कडा मिसळून मधली जागाही गडद होते. प्रत्येक अपघाताचा असा एक थेंब पडतो आणि जिथे खूप थेंब एकमेकांत मिसळतात तिथे लाल दिसतं.

थेंब किती पसरू द्यायचा हे नकाशा करणारा ठरवतो. ५०० मीटर पसरू दिला तर अर्धं शहर लाल. ५० मीटर ठेवला तर चौकाचौकात लहान लहान लाल ठिपके. आकडेवारी तीच, चित्र वेगळं. त्यामुळे असा नकाशा दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की पसारा किती धरलाय. दुसरं म्हणजे शाई कागदावर चहूकडे पसरते, अपघात मात्र रस्त्याच्या बाजूनेच पसरतात. दोन समांतर रस्त्यांमधल्या सोसायटीच्या बागेत लाल डाग दिसला तर तो गणिताचा आहे. शहराच्या कामाला रस्त्याच्या रेषेवरच पसरणारी पद्धत वापरावी.

उड्डाणपुलांचा घोळ याहून मोठा. पुलावरचा अपघात आणि त्याच्या बरोबर खालच्या चौकातला अपघात, दोन्हींचे अक्षांश-रेखांश एकच. सपाट नकाशाला वर आणि खाली कळत नाही. नोंद करताना 'पुलावर की पुलाखाली' एवढा एक शब्द लिहिला नसेल, तर नंतर कितीही हुशार संगणक आणला तरी तो ठिपका सुटा करता येत नाही.

जास्त अपघात म्हणजे जास्त धोका?

समजण्यासाठी दोन चौक कल्पू. पहिल्यातून रोज ८०,००० वाहनं जातात आणि तीन वर्षांत २४ अपघात झाले. दुसऱ्यातून रोज १५,००० वाहनं, अपघात १२. नुसते ठिपके पाहिले तर पहिला चौक दुप्पट वाईट. आता भागाकार करू. पहिल्यातून तीन वर्षांत सुमारे ८ कोटी ७६ लाख वाहनं गेली, म्हणजे दर दहा लाख वाहनांमागे ०.२७ अपघात. दुसऱ्यातून १ कोटी ६४ लाख, म्हणजे दर दहा लाखांमागे ०.७३. ज्या चौकाकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिथून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला धोका जवळजवळ पावणेतीनपट आहे.

मग पैसे कुठे खर्च करायचे? यावर दोन मतं असतात. मला विचाराल तर दोन्ही आकडे दोन वेगळी कामं करतात. कुठे जास्त जीव वाचतील हे एकूण आकडा सांगतो. चौकाची रचनाच बिघडली आहे का हे दर सांगतो. दुसऱ्या चौकात बहुधा काहीतरी साधंच चुकलेलं असतं, आणि साधी चूक स्वस्तात दुरुस्त होते.

अजून एक गोष्ट, जी समजायला मला स्वतःला बराच वेळ लागला. समजा एखाद्या चौकात एका वर्षी आठ अपघात झाले. बोंब झाली, गतिरोधक टाकला, पुढच्या वर्षी तीनच झाले. सगळे म्हणणार, गतिरोधकाने काम केलं. असेलही. पण एखाद्या फलंदाजाने लागोपाठ तीन शतकं ठोकली की चौथ्या डावात त्याच्या धावा बहुधा कमी होतात, कारण तीन शतकं हाच त्याचा नेहमीचा खेळ नव्हता. चौकाचंही तसंच. आठचं वर्ष योगायोगाने वाईट गेलेलं असू शकतं आणि काहीच न करताही आकडा खाली आला असता. म्हणून जाणकार एका वर्षावर निर्णय घेत नाहीत. तीन ते पाच वर्षं धरतात आणि त्या चौकाच्या आकड्याला तसल्याच इतर चौकांच्या सरासरीकडे थोडं ओढून घेतात. या पद्धतीला एम्पिरिकल बेयस म्हणतात. खर्च झालेला पैसा खरंच उपयोगी पडला का हे सांगण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो याचं मला वाईट वाटतं.

चौकाच्या आत

इथपर्यंत आपण शहरावरून पाहत होतो. आता एका चौकात उतरू.

चार रस्ते मिळतात, प्रत्येकावर येणारी एक आणि जाणारी एक मार्गिका आहे असं धरलं, तर वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात. १६ ठिकाणी एकमेकींना छेदतात, ८ ठिकाणी मिसळतात, ८ ठिकाणी फुटतात. तिठ्यावर हीच संख्या ९ होते. एका मार्गिकेच्या गोल चौकात ८, आणि त्यात छेद एकही नाही. जिवावर बेततो तो छेद, कारण तिथे गाडी दुसऱ्या गाडीच्या बगलेवर आदळते. हे बत्तीस बिंदू फक्त वाहनांचे. पायी चालणारा माणूस त्यात मोजलेलाच नाही.

म्हणून चौकाचा मोठा आराखडा काढून प्रत्येक अपघाताचा बाण काढतात: कोण कुठून आलं, कुठे वळत होतं, कुठे भिडलं. ठिपका जागा सांगतो, बाण घटना सांगतो. दहा ठिपके विखुरलेले दिसतात, पण बाण काढले की सात जण एकाच प्रकारे धडकलेले निघतात.

न्यूयॉर्क शहराने हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. तिथल्या पोलिसांच्या नोंदीतले जुलै २०१२ पासूनचे अपघात कुणालाही पाहता येतात, उतरवून घेता येतात. त्या शहराच्या वाहतूक विभागाने २०१६ मध्ये डाव्या वळणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डावीकडे वळणाऱ्या गाड्यांमुळे पादचारी आणि सायकलस्वारांचे मृत्यू उजवीकडे वळणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त होते. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे त्यांचं डावं वळण हे आपलं उजवं वळण. समोरून येणाऱ्या गाड्यांची फट शोधत ड्रायव्हर वळतो, फट सापडली की वेगात कोपरा कापतो, आणि तेव्हा त्याची नजर झेब्रावर नसते. उपाय फार खर्चिक नव्हता. रस्त्याच्या मधल्या रेषेवर, चौकाच्या तोंडाशी, रबरी उंचवटे आणि खांब बसवले. कोपरा कापता येईना, म्हणून गाडी पुढे जाऊन काटकोनात आणि हळू वळू लागली. उजवीकडे वळताना कट मारणाऱ्या आपल्या रिक्षा आणि दुचाकी डोळ्यांपुढे आणा. हा उपाय आपल्या रस्त्यांशी किती जवळचा आहे ते कळेल.

मी अभ्यासलेल्या एका चौकात सगळे पादचारी ठिपके एकाच कोपऱ्यावर होते, फ्री लेफ्टच्या वळणावर. वेळेप्रमाणे रंग दिले तर बहुतेक संध्याकाळी सातनंतरचे. नकाशा एवढंच सांगून गप्प बसला. मग दोन संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिलो. वळणाचा कोपरा इतका मोठा आणि गोलसर केलेला होता की दुचाकीला वेग कमी करायची गरजच पडत नव्हती. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. झेब्रा वळणाच्या पोटात, आणि त्याच्या अलीकडे महावितरणची हिरवी डीपी. फुटपाथवर वडापावची गाडी, म्हणून बसमधून उतरलेले लोक डीपीच्या पुढे, डांबरावर येऊन उभे राहत. वळणाऱ्याला ते दिसायचे शेवटच्या क्षणी, त्यांना तर गाडीचा फक्त दिवा दिसायचा. जवळचा पथदिवा झाडाच्या फांदीत. यातली एकही गोष्ट कुठल्याच थरात नव्हती. पण नकाशाने त्या कोपऱ्यावर आणि त्या वेळी पाठवलं नसतं, तर मी सकाळी अकराला चौकाच्या मध्यभागी उभा राहून परत आलो असतो.

ठिपका इथे, कारण तिकडे

कधी कधी ठिपके जिथे पडतात तिथे कारण नसतंच. पुण्याचा नवले पूल हे त्याचं दुःखद उदाहरण. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका जड वाहनाने पुढच्या सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात पुन्हा भीषण अपघात होऊन माणसं दगावली. रस्त्यांच्या थरावर नवले पूल साध्या चौकासारखाच दिसतो. त्याखाली जमिनीच्या उंचीचा थर घातला की चित्र बदलतं. सातारा बाजूने नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता दरी पुलावरून काही किलोमीटर उतरतच येतो. भरलेला ट्रक, लांब उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर टाकलेली गाडी. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, पकड सुटते. ट्रक बोगद्यापाशीच चुकलेला असतो आणि धडकतो खाली, शहराच्या गर्दीत.

इथे नवले पुलाभोवती वर्तुळ काढून आत कितीही शोधलं तरी उत्तर अर्धंच मिळेल. पुलाखालची गर्दी, सेवा रस्त्यांची मिसळ हे त्यातलं खरं. उरलेलं अर्धं वर, उताराच्या सुरुवातीला आहे: वेग तिथेच रोखला पाहिजे आणि गिअर तिथेच उतरवायला लावला पाहिजे.

जे नकाशावर कधी येतच नाही

'जाऊ दे, लागलं नाही ना? चला.' असं म्हणून रोज किती अपघात मिटत असतील! दुचाकी घसरली, गुडघा फुटला, आरसा तुटला, दोघे हात झटकून निघून गेले. पोलिसांत नोंद नाही, म्हणजे ठिपका नाही. त्यामुळे आपला नकाशा मृत्यू आणि मोठ्या जखमांच्या बाजूला झुकलेला असतो. एखादा चौक नकाशावर स्वच्छ दिसतो याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा घेऊ नये. तिथले दुकानदार, रिक्षावाले, शाळेबाहेर पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या ताई यांना विचारावं. ते बरोबर सांगतात.

नागपूरने या बाबतीत एक चांगली दिशा दाखवली. २०२१ मध्ये तिथे आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसना पुढचा धोका ओळखून ड्रायव्हरला इशारा देणारी कॅमेऱ्याची यंत्रणा लावली. प्रत्येक इशारा कुठे वाजला याचीही नोंद होऊ लागली. म्हणजे टक्कर झालेली नाही, पण होता होता राहिली, अशा जागांचा नकाशा. ज्या जागा अजून ब्लॅक स्पॉट झालेल्या नाहीत पण त्या वाटेवर आहेत, त्यांना तिथे 'ग्रे स्पॉट' म्हणतात. माणसं मरायची वाट न पाहता जागा ओळखायची ही कल्पना मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची वाटते.

हे काम करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. क्यूजीआयएस फुकट मिळतं आणि चांगलं चालतं. ओपनस्ट्रीटमॅपवरून आपल्या शहराचे रस्ते उतरवून घेता येतात. अपघातांची नोंद माहिती अधिकारात मागता येते. मागताना नावं आणि गाडीचे नंबर वगळून मागा, कारण प्रत्येक ठिपक्यामागे कुणाचं तरी घर आहे आणि ते चव्हाट्यावर आणायचा आपल्याला हक्क नाही. महाविद्यालयातल्या मुलांनी आपल्या वॉर्डातले दहा चौक घेतले तरी खूप झालं.

आणि पंचनाम्याची प्रत पाहायला मिळाली तर ती जरूर पाहा. माझं सगळ्यात अवघड कोडं तिनेच सोडवलं. अॅपमध्ये तो ठिपका चौकाच्या बरोबर मधोमध होता, म्हणून मी तो 'वाहनांची टक्कर' या गटात टाकणार होतो. पंचनाम्याच्या मागच्या पानावर हवालदारांनी पेनाने कच्चा नकाशा काढला होता: दोन रेषांचा रस्ता, दिशेचा बाण, एक चौकोन म्हणजे दुकान, एक फुली म्हणजे माणूस पडला ती जागा. फुलीपाशी लिहिलं होतं, 'विजेच्या खांबापासून १२ फूट'. खांबाचा क्रमांकही होता. दुसऱ्या दिवशी तो खांब शोधला, टेप धरला. बारा फुटांवर माझ्या बुटाखाली झेब्राची पहिली पांढरी पट्टी होती. घरी येऊन मी तो ठिपका चौकाच्या मध्यावरून उचलून तिथे ठेवला आणि रकान्यात 'पादचारी, झेब्रावर' असं लिहिलं.